धकात्यांचे चार मासे

हे लिहून झालं की मी ते एका माणसाला वाचून दाखवणार आहे. त्यांचं नाव बिसनभाऊ. उमरेड रोडवरून थोडं आत गेलं की एक जुना मालगुजारी तलाव लागतो, तिथल्या ढिवरांच्या मासेमारी सोसायटीचे ते अध्यक्ष. तलावाचं नाव लिहीत नाही. त्या गावाला आधीच पुष्कळ भोगावं लागलंय. ऐकून झाल्यावर बिसनभाऊ मला काय बोलायचं ते बोलोत. पण त्याआधी धकाते सांगितले पाहिजेत, कारण धकाते कळल्याशिवाय माझं वागणं कळायचं नाही.

वासुदेव धकाते आमच्या नागपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. मी नवी लेक्चरर म्हणून रुजू झाले तेव्हा ते तिथले मुरलेले गडी. ठेंगणे, काटकुळे, खाकी शर्ट, आणि शर्टाच्या खिशात कायम दोऱ्याचं एक गुंडाळं. कोष्ट्याचं घर. इतवारीच्या मागच्या गल्लीत वडिलांचा हातमाग होता, तो बंद पडला आणि धकाते नोकरीला लागले. पण बोटं काही मागावरून उठली नाहीत. बोलता बोलता त्यांचा अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर घासत राहायची, कुठं धागा तुटलेला सापडला तर गाठ मारायला तयार. एखाद्या पोराच्या अ‍ॅप्रनचं बटण लोंबताना दिसलं की, "काढ गा तो इकडं," म्हणून लेक्चर सुरू असतानाच शिवून द्यायचे. मी रागवायचे. ते "हो जी, हो जी" म्हणत शेवटचा टाका घालूनच उठायचे.

गळ्यात तुळशीची माळ. मांस-मच्छी वर्ज्य. आणि नोकरी कुठं, तर बेडूक कापायच्या खोलीत! तेव्हा प्रॅक्टिकलला बेडूक असायचे. तास संपला की ट्रेमधले बेडूक धकाते कचऱ्यात टाकू द्यायचे नाहीत. मागच्या कडुलिंबाखाली खड्डा करून पुरायचे, वर एक जास्वंदाचं फूल. एकदा मला उशीर होत होता, किल्ल्या त्यांच्याकडे, आणि हे खाली माती लोटत बसलेले. मी खिडकीतून ओरडले, "अहो धकाते, आता तेराव्याचं जेवणही घाला!"

ते हात झटकत वर आले आणि किल्ल्या माझ्या हातात देत म्हणाले, "जीव आहे ना मॅडम तो. सामान नाही."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोट्टे त्यांची नक्कल करायचे. कॅन्टीनमध्ये कोणी समोशाला हात लावला की दुसरा गळा काढून म्हणायचा, "जीव आहे मॅडम तो, सामान नाही!" धकातेही हसायचे. त्यांना राग येत नसे, आणि मला लवकर येतो. आमची जोडी त्यामुळे बरी जमली.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक मोठी काचेची टाकी होती. तिच्यात रंगीत मासे होते, आणि काच साफ ठेवायला म्हणून दुकानातून आणलेले चार काळे मासे. दुकानदार त्यांना टँक क्लीनर म्हणतात. तोंड खाली, काचेला चिकटलेलं, अंगावर खवल्यांऐवजी कडक पत्रे, पाठीवर काटे. आणले तेव्हा बोटाएवढे होते. रंगीत मासे एकेक करून मेले, हे चार मात्र वीतभर झाले. मग टाकी गळायला लागली, त्यात तपासणी समिती यायची वेळ आली, आणि विभागप्रमुखांनी मला सांगितलं की ती घाण आठवड्यात हलवा. मी फायली, रजिस्टरं, पोरांची जर्नलं यांच्यात बुडालेली. धकाते दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, त्या माशायचं का करू?"

"फॉर्मॅलिनमध्ये घाला बरणीत."

"जिते आहेत जी."

"मग सोडून या कुठल्या तलावात! पुण्य लागेल तुम्हाला. मला आता काही विचारू नका."

असं म्हणाले मी. शब्द न शब्द आठवतो, कारण त्याच टेबलावर माझ्या हाताखाली सेकंड इयरची प्रश्नपत्रिका होती आणि तिच्यात मीच घातलेला प्रश्न होता: परकीय माशांचे स्थानिक जलाशयांवर होणारे दुष्परिणाम लिहा, पाच गुण. पाच गुण! शंभरेक पोरांना मी तो प्रश्न घातला आणि स्वतः त्यात नापास झाले.

धकात्यांनी चार मासे बादलीत घातले, वर ओलं फडकं बांधलं आणि एसटीनं बहिणीच्या गावी नेले. तिथला तलाव मोठा, पाणी बारमाही. काठावर उभं राहून त्यांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि मासे सोडले. दुसऱ्या दिवशी आम्हाला सगळ्यांना खोबरं-साखर वाटली. "माशायले घर भेटलं मॅडम," म्हणाले. मी खोबरं खाल्लं आणि विसरून गेले.

किती वर्षं गेली ते मोजत बसत नाही. टाकीच्या जागी कॉम्प्युटर आला, बेडूक कापणं बंद झालं. एका सोमवारी धकाते ओलं पोतं घेऊन आले. उघडलं. आत हातभर लांबीचा काळा मासा, पत्र्याचा, काट्यांचा. रविवारी दुपारपासून पोत्यात होता आणि अजून कल्ले हलत होते.

"बिसनभाऊच्या जाळ्यात सापडला. असे लय आहेत म्हणते. जाळे फाडून राहिले त्याचे." ते माशाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "मॅडम, हे आपलेच होय ना?"

"आपले कशाला? शहरात गल्लोगल्ली मासेवाली दुकानं आहेत, लोक कंटाळले की सोडतात. कोणी सोडले कसं सांगणार? सिद्ध होत नाही."

हे खोटं नव्हतं. खरंच सिद्ध होत नाही. पण मी ते घाईघाईनं म्हटलं, आणि 'आपले' हा शब्द आधी झटकला, हेही खरं.

"चार सोडले होते मी," धकाते म्हणाले आणि पोतं बांधून घेतलं.

त्या रविवारपासून ते दर रविवारी त्या गावाला जायला लागले. ढिवरांनी त्या माशाचं नाव ठेवलं होतं खापऱ्या. खापऱ्या जाळ्यात शिरला की काट्यांनी गुंततो, सोडवता सोडवता जाळ्याची चाळण होते. बाजारात त्याला कोणी विचारत नाही. तळाचं शेवाळ खातो, दुसऱ्या माशांची अंडी खातो. रोहू कमी झाला, मरळ दिसेनाशी झाली. आणि पाळीच्या मातीत हातभर आत बिळं करतो. पाळ म्हणजे तलावाचा बांध. तो पोखरला तर खालची शेतं गेली.

धकाते काठावर बसून ती फाटलेली जाळी शिवायला लागले. बांबूची सुई त्यांनी स्वतः तासून केली. ढिवर थक्क झाले. त्यांच्या म्हाताऱ्यांनाही दिवस लागायचा ते काम हे दोन तासांत करायचे, आणि गाठ अशी की नंतर तिथून जाळं फाटायचं नाही. बिसनभाऊ मला एकदा कौतुकानं म्हणाले होते, "मॅडम, हा मानूस देवानं धाडला आमाले. घेत काहीच नाही. चहा पाजतो म्हटलं तं थोही नको म्हनते." मी मान डोलावली. धकाते तिथंच बसले होते, त्यांनी मान खाली घातली.

जाळी शिवून खापऱ्या कमी होत नव्हता. ढिवर त्याला काठावर फेकून द्यायचे, मरेल म्हणून. हा मासा पाण्याबाहेर तासन् तास जगतो. संध्याकाळी ढीग टाकला की सकाळी अर्धे सरपटत पुन्हा पाण्यात. तेव्हा धकाते माझ्याकडे आले. त्यांच्या तोंडून असा प्रश्न येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"मॅडम, यायले मारायचं कसं? त्रास नाही झाला पाह्यजे."

माळकरी माणूस! मी त्यांना लवंगेचं तेल सांगितलं. थोड्या पाण्यात हलवून घालायचं, मासा गुंगतो, झोपतो आणि झोपेतच जातो. मग चुना टाकून खोल पुरायचा. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि कागद घडी करून दोऱ्याच्या गुंडाळ्याखाली ठेवला. पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेले. माळ काढून त्यांनी खिशात ठेवली होती. पहिला मासा बादलीत सोडला. त्याच्या डोक्यावर बोट टेकवून म्हणाले, "माफ कर गा." दुसऱ्याला म्हणाले. तिसऱ्याला म्हणाले. ढिवरांची बायामाणसं आधी हसली, मग चुना आणून द्यायला लागली. दुपारपर्यंत ते प्रत्येकाला म्हणत होते, घोगऱ्या आवाजात. तेव्हापासून त्यांच्या शर्टाला लवंगेचा वास यायला लागला. पोट्टे म्हणायचे, धकातेकाका दातांच्या डॉक्टरकडून आले.

आता गणपतचं सांगते. गणपत हा बिसनभाऊंचा साळा, त्यांच्या बायकोचा, यमुनाबाईचा धाकटा भाऊ. सोसायटीसाठी दर वर्षी मत्स्यबीज तोच बाहेरून आणायचा, पिशव्यांत भरून. खापऱ्या आला कुठून, हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. स्वस्तातलं भेसळीचं बीज आणलं असणार! बिचारा शपथा घेऊन थकला. सोसायटीनं त्याला काढून टाकलं. बिसनभाऊंनी त्याला घराची पायरी बंद केली. त्या दिवाळीत यमुनाबाईनं भावाला ओवाळलं नाही; ताट तयार करून झाकून ठेवलं आणि रडत बसली. हे धकात्यांना त्यांच्या बहिणीनं सांगितलं.

ते माझ्याकडे आले. स्टाफरूममध्ये कोणी नव्हतं तरी दार लोटून घेतलं.

"मॅडम, सांगून टाकू का?"

"कशाला? तुमच्या चारांचेच हे झाले याला पुरावा काय? आणि कॉलेजचं नाव येईल त्यात. तुमची नोकरी आहे, पेन्शन आहे."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. माझी प्रमोशनची फाइल वर गेली होती, हे त्यांना माहीत होतं. ती फाइल त्यांनीच दोऱ्यानं शिवली होती.

"बरं जी. रिटायर होऊ द्या मले मंग. मंग कॉलेजचं नाव नाही येनार."

कॉलेजचं म्हणाले. माझं नाही म्हणाले. मी सुटकेचा श्वास सोडला, हे लिहिताना आजही लाज वाटते.

धकाते निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच महिन्यात सोसायटीची सभा होती. मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. समाजमंदिरात सतरंजी, मला एकटीला प्लास्टिकची खुर्ची. शाल दिली, नारळ दिला. मी भाषण केलं: काठावर फेकू नका, पुरा. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पाळीतली बिळं उकरून अंडी काढा. दुकानातला मासा तलावात कोणालाही सोडू देऊ नका, पुण्य म्हणून सुद्धा नाही. टाळ्या पडल्या. मग बिसनभाऊ उठले.

"सब ठीक हाय मॅडम. पन हा आला कुठून, थे सांगा ना."

गणपत दाराबाहेर चपला काढायच्या जागी बसला होता. सगळ्यांनी तिकडं पाहिलं. मी नारळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला आणि म्हणाले, "ते नक्की सांगता येत नाही."

"मी आणला," धकाते म्हणाले.

ते मागच्या भिंतीशी जाळं घेऊन बसले होते. उठले, सुई खिशात घातली, हात जोडले. "कॉलेजच्या टाकीतले चार होते. जीव वाचवा म्हून सोडले मी. नारळ फोडून सोडले. गणपतभाऊचं काही नाही त्यात. त्याले आत बसवा."

बिसनभाऊ सावकाश चालत त्यांच्यासमोर गेले.

"कोनं सांगतलं होतं तुमाले सोडाले?"

मी खुर्चीत होते, चार हातांवर. मांडीवर नारळ, खांद्यावर शाल. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं.

"कोनी नाही," धकाते म्हणाले. "माझंच डोस्कं."

बिसनभाऊंनी त्यांच्या पायाशी पडलेलं जाळं उचलून घेतलं. शिवी दिली नाही, हात उगारला नाही. फक्त म्हणाले, "आता याले हात लावू नका धकातेजी." मग दारापाशी जाऊन गणपतला हाताला धरून आत आणलं. यमुनाबाई पदर तोंडात कोंबून रडायला लागली. धकाते बाहेर पडले. मी त्यांच्या मागं गेले नाही. माझ्यासाठी पोह्यांची प्लेट आली होती.

त्यानंतर गावात त्यांच्याशी कोणी बोलेना. बहीणही दबकून वागायला लागली. मला वाटलं, आता येणं सोडतील. कसलं सोडतात! काठाच्या पलीकडच्या टोकाला, जिथं ढिवर जात नाहीत, तिथं ते एकटे बिळं उकरायला लागले. रविवारच नाही, आता रोज. पहिल्या बसनं जायचे, दुपारच्या बसनं परत.

मेमध्ये मी गेले. राहवेना म्हणून गेले, दुसरं काही नाही. पाणी निम्म्यावर आलेलं, चिखल तडकलेला, पाळीत ओळीनं भोकं. धकाते गुडघाभर चिखलात वाकून एका बिळात खांद्यापर्यंत हात घालून उभे. मला पाहून हसले. हात बाहेर काढला तर बोटांतून रक्त, आणि मुठीत खापऱ्या. मग पुन्हा हात घालून पिवळ्या अंड्यांचा गोळा काढला.

"हा नर असते मॅडम. अंडे सांभाळत बसते. बीळ उकरलं, पानी गेलं, तरी अंडे सोडून पळत नाही पहा." त्यांनी त्याच्या डोक्यावर बोट टेकवलं. "माफ कर गा."

मी म्हणाले, "धकाते, मी बिसनभाऊंना सांगते. खरं काय ते."

"का फायदा? एकाचं झालं ना वाटोळं, दोघायचं काहून करता?" बादलीत तेल हलवत ते म्हणाले. मग जरा थांबून, "पन सांगाचं असन तं सांगा. मी नाही म्हननार नाही."

ही मोकळीक होती. मी ती घरी घेऊन गेले आणि कपाटात ठेवल्यासारखी ठेवून दिली.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात फरक दिसायला लागला. खापऱ्या संपला नाही, तो संपत नसतो. पण जाळी कमी फाटत होती, आणि मरळीची पिल्लं दिसली असं गणपतनं मला फोनवर सांगितलं. धकाते पावसाळ्यात गेले, हृदयविकारानं, घरीच, झोपेत. त्याच्या महिनाभर आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं, त्याच काठावर.

ते बिळापाशी बसले होते. मी दोन हातांवर पाळीवर. बिसनभाऊ पलीकडच्या काठानं येताना दिसले, खांद्यावर जाळं. मला वाटलं आता भांडण होतंय. बिसनभाऊ आले, धकात्यांच्या पुढ्यात ते फाटकं जाळं टाकलं आणि म्हणाले, "शिवा."

एवढंच. धकात्यांनी हात पंचाला पुसले, दोनदा पुसले. खिशातून सुई काढली. ती इतके दिवस तिथंच होती. जाळं मांडीवर ओढलं आणि पहिला टाका घातला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्यांनी पुसलंसुद्धा नाही. मीही रडले. गणपत किटलीतून चहा घेऊन आला. धकात्यांनी त्या दिवशी तो घेतला.

चहा पिता पिता बिसनभाऊ माझ्याकडे वळले. सहज, गप्पांच्या सुरात.

"मॅडम, एक इचारू का? तुमी तं तेव्हा कॉलेजातच होत्या. ह्यायनं थे मासे नेले, तुमाले मालूम नव्हतं का?"

सुई थांबली. मला ती थांबलेली दिसली.

"नाही," मी म्हणाले. "मला काहीच माहीत नव्हतं."

बिसनभाऊंनी मान हलवली आणि उरलेला चहा मातीत ओतला. धकात्यांनी वर पाहिलं नाही. गाठ आवळली, दातानं दोरा तोडला, आणि जाळं पुढं ओढून दुसरं भोक शोधायला लागले.